चाल बसवताना

३ नोव्हेंबर

पोचले एकदाची! आणि खोली चक्क माझी एकटीची. खिडकी आहे, खिडकीला धड कडी आहे, आणि वहिनीच्या तोंडाचा पट्टा इथवर ऐकू येत नाही. भावाच्या स्वयंपाकघरात कोपऱ्यात पथारी टाकून झोपणाऱ्या बाईला आणखी काय हवं असतं? आज मी खूश आहे, अगदी उघडपणे खूश आहे.

घर तलावात घुसलेल्या जमिनीच्या टोकावर आहे. तिन्ही बाजूंना पाणी. बाहेर जायला एकच वाट, ती म्हणजे फरशी, पाण्यापेक्षा हातभर उंच बांधलेला बिनकठड्याचा दगडी रस्ता. मी पेटी ओढत त्यावरून आले तेव्हा मिस्त्री आणि त्यांची बायको, काकू, दारात उभे राहून बघत होते. पेटीला हात लावायला कुणी पुढे आलं नाही. असो, मी काही पाहुणी म्हणून आलेली नाही.

मिस्त्री गळाला लावायचे लाकडी मासे बनवतात. मी एका दुकानाची पाटी रंगवत असताना त्यांनी मला पाहिलं आणि तिथल्या तिथे रंगकामाला ठेवलं. पाटीकडे मात्र ढुंकूनही पाहिलं नाही. मला रंगाचे डबे आणायला रस्त्यापलीकडे पाठवलं, परत पाठवलं, आणि बघत राहिले. स्थळ बघायला आल्यासारखे! लिहितानाही हसू येतंय.

५ नोव्हेंबर

मिस्त्री शिकवतात कमी आणि खेकसतात जास्त. पण हातात कला आहे, हे शत्रूनेही कबूल करावं. मऊ लाकडाचा ठोकळा चाकूने सोलून माशाचा आकार काढायचा. पोटात चीर पाडून तार ओवायची, तारेची दोन्ही टोकं कडीसारखी बाहेर ठेवायची, त्यात नंतर गळ अडकतात. चिरेत शिशाची गोळी बसवायची, वर भेगा बुजवायची लांबी भरून घासायचं, मग पांढऱ्या रंगाचा हात. जाळीचं कापड ताणून त्यावरून रंगाचा फवारा मारला की खालच्या लाकडावर खवले उमटतात. पहिल्यांदा जाळी उचलली तेव्हा मी टाळी वाजवली. काकू म्हणाल्या की इथे टाळ्या वाजवायला कुणाला ठेवलेलं नाही.

माझा पहिला मासा हौदात सोडला तेव्हा तो सुतासारखा सरळ गेला. मी फुशारून मिस्त्रींकडे पाहिलं. त्यांनी तो काढला आणि चुलीत टाकला.

मग सांगितलं, की सरळ जाणाऱ्याच्या वाटेला कुणी जात नाही. मोठा मासा कळपातला दुबळा हेरतो. म्हणून एका अंगाने चिमूटभर लाकूड काढायचं, शिसं जरा मागे सारायचं, पुन्हा हौदात सोडून बघायचं, पुन्हा काढायचं. तो लंगडला पाहिजे, पण बुडता कामा नये. ह्याला ते चाल बसवणं म्हणतात. सगळा धंदा ह्या एका गोष्टीवर आहे, बाकी रंगरंगोटी माणसांसाठी.

घरात चौथा माणूस म्हणजे त्यांचा जावई. होडी सांभाळतो, मान खाली घालून जेवतो. मुलगी कुठे असते असं मी सहज विचारलं. काकूंनी माझ्यासमोरचं ताट उचललं. मी अजून जेवत होते.

९ नोव्हेंबर

मुलीचं कळलं. जावयाने सांगितलं, धक्क्यावर होडीला डांबर लावता लावता, सायकल चोरीला गेल्याचं सांगावं तसं. ती ह्याच धक्क्यावर भांडी विसळत होती. पाण्यातून आलं ते तिला घेऊन गेलं. मासाच, पण होडीहून लांब. तिचा एक पाय जन्मापासून आखूड होता. त्यानंतर मिस्त्रींनी त्या माशाला आमिष म्हणून कोंबड्या घातल्या, बकरं घातलं, हातभर लांबीचे लाकडी मासे घातले. तो वर येतो, बघतो आणि निघून जातो.

माझा विश्वास बसला नाही. पोर गेल्यावर माणसं काय काय मनाशी धरून बसतात. मी काकूंजवळ जाऊन दोन शब्द बोलायला गेले. त्या म्हणाल्या, वॉर्निशचा ब्रश सुकवून ठेवलास तो आधी धू.

आणि माझ्या चपला सापडत नाहीत! दारातून गेल्या कुठे? काकूंनी मुलीच्या काढून दिल्या. उजव्या चपलेचा तळ चांगला तीन बोटं जाड आहे. ती ज्या चपलांनी सरळ चालायची त्यांनी मी लंगडते. पदरात पडलं पवित्र झालं म्हणायचं आणि घालायच्या.

१३ नोव्हेंबर

कंबर भरून आली आहे. गावातून दुसऱ्या चपला आणते म्हटलं तर मिस्त्री म्हणाले की काम सोडून भटकायचं असेल तर पेटी घेऊनच जा. कुठे जाणार? वहिनी दार उघडेल, पण उंबऱ्यावरच उभी राहील.

आज त्यांनी मला धक्क्यावरून डबे आणायला लावले. मग माझ्यासमोर वाकून डावी चप्पल काढून घेतली. मला वाटलं, आता जाड तळ लावून दोन्ही सारख्या करणार. त्यांनी कानस घेतली आणि डावीचा आधीच पातळ असलेला तळ आणखी घासला. पुन्हा चालायला लावलं. मी चिडून विचारलं की हा काय चावटपणा आहे. तर मिस्त्री काकूंकडे वळून म्हणाले, की खांदा अजून पडत नाही.

संध्याकाळी काकूंनी कोट दिला. धक्क्यावर गारठा असतो म्हणाल्या. राखाडी, नवाकोरा, हाताने शिवलेला! माझ्या डोळ्यांत पाणी आलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा माझ्याशी कुणी माणसासारखं वागलं. जरा जड आहे, एवढंच.

१६ नोव्हेंबर

कोट डावीकडेच जड आहे. खिसे रिकामे, म्हणून काठ उसवून पाहिला. आत शिसं. मी स्वतः ओतलेल्या गोळ्या, माझ्या साच्याचा कंगोरा आहे त्यांवर.

काकूंना विचारलं. त्यांनी वर न बघता सांगितलं की वाऱ्याने काठ उडतो म्हणून घातलंय. असेल. पडदेवालेही घालतात. पण मग सकाळी मिस्त्री त्यांना म्हणाले होते, की अजून जरा मागे घे — ते काय होतं? आणि परवा काकूंनी कॉलरला आतून लाल पट्टी लावली. आम्ही लाकडी माशाच्या गळ्याखाली लाल लावतो. कल्ला फाटलेला दिसावा म्हणून.

माझी चाल बसवताहेत.

लिहिलं आणि वाचलं. वेडगळ दिसतं. पण दुसरं काही सुचत नाही.

तलावाच्या धरणाची दारं बंद केली म्हणे. पाणी फरशीला टेकलं आहे.

१८ नोव्हेंबर

दिसला.

मी धक्क्यावर होते, हातात डबा. पाणी खालून फुगलं. आधी पाठ, मग डोळा. बशीएवढा, पिवळा. तो बघून गेला नाही. थांबला. मी एक पाऊल मागे घेतलं, तोही सरकला.

पाचावर धारण बसली. मागे वळले तर तिघंही होते. मला वाटलं किंचाळतील, ओढतील. काकू रडत होत्या. आनंदाने. मिस्त्रींचा हात धरून सारखं म्हणत होत्या की त्याने ओळखली, हो, त्याने ओळखली. पोटातून निदान पोरीच्या बांगड्या तरी मिळतील.

मिस्त्रींनी पहिल्यांदाच माझ्या कामाची तारीफ केली. मी काही केलंच नव्हतं. चालले फक्त.

१९ नोव्हेंबर

जावयाने पट्टा आणला. चामड्याचा, कमरेला बांधायचा. पाय घसरू नये म्हणून, म्हणाला. पुढे एक कडी, मागे एक.

मी तो त्याच्या तोंडावर फेकला. तोंडाला येईल ते बोलले, मिस्त्रींना, काकूंना, मेलेल्या पोरीलासुद्धा. त्याची आता लाज वाटते. त्यांनी मला खोलीत ढकललं. बाहेरून कडी घातली.

चपला काढल्या. कोट काढला. खोलीत अनवाणी फेऱ्या मारल्या, ह्या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत.

तरी लंगडते. खांदा पडतो. सरळ चालायचं कसं, तेच आठवत नाही.

२० नोव्हेंबर

खिडकीतून दिसतंय. अंगणात जावई दोरी ओढतोय. दुसऱ्या टोकाला पोतं, माझ्या उंचीचं. मिस्त्री ओरडून शिकवताहेत. ओढ. थांब. ओढ. थांब. सारखं ओढत राहिलास तर तो नुसता मागे येईल, म्हणतात. घेतो ते थांबल्यावर. आमिष थांबलं की त्याला राहवत नाही.

काकूंनी सकाळी माझ्या खोलीतून नेलेला कोट पोत्याला घातला. लाल पट्टी नीट केली.

उद्या.

२१ नोव्हेंबर

खिडकीची कडी धड होती, गज नव्हते. उडी मारली. गुडघा — जाऊ दे. भर दुपार आहे, ते जेवत होते.

फरशी पाण्याखाली. घोट्याएवढंच, पण दोन्हीकडे खोल. दगड दिसतात. चालता येतं. सरळ चाल, सरळ चाल, म्हणते. पाय ऐकत नाही.

डावीकडे पाणी फुगलंय. मी चालले की तेही —

मागे पाहिलं. मिस्त्री आणि काकू काठावर. धावत नाहीत. हाकसुद्धा मारत नाहीत. मला वाटलं सोडून दिलं. मग होडी दिसली. जावई आत उभा राहतोय, हातात भाला. मिस्त्रींनी त्याला हाताने सबुरीची खूण केली.

अर्ध्यावर मैलाचा दगड आहे. त्यावर टेकलेय. गुडघा सुजलाय, पाय उचलत नाही. वही कमरेला होती. दोन ओळी लिहीन, श्वास बसेल, मग एका दमात पलीकडे. पलीकडे झाडं दिसतात. एक बाई म्हैस नेतेय. इतकं जवळ आहे —

काकू माझ्या तोंडाकडे बघत नाहीत. पायांकडे —

फुगवटा गेला. पाणी सपाट, काचेसारखं. मी चालत होते तोवर होता. मी टेकले आणि —

टेकले. मी थांबलेय. हे लिहायला मी थां