एकतीस मे काही येईना

१ मे १९९८

नारळ कंप्युटरवर नाही, उंबऱ्यावर फोडायचा, हे महादूला दोनदा सांगावं लागलं. शिपाई आमचा, पण भक्ती पुजाऱ्याची! महाराष्ट्र दिनाचा मुहूर्त धरून वाचनालयात कंप्युटर बसला. तात्यांनी हार घातला. तात्या म्हणजे आमचे अध्यक्ष, कोर्टातून शिरस्तेदार म्हणून निवृत्त झालेले. हार नेमका पडद्यावर लोंबला, त्यामुळे पुढचा अर्धा तास मी झेंडूच पाहत होते.

क्लासवाल्या सुधीरने समजावलं, की मशीन म्हणजे डोकं आणि सॉफ्टवेअर म्हणजे आतली अक्कल. मी म्हटलं, डोकं विकत घेतलंत तर अक्कलही विकतच घ्या. तात्यांना ते पटेना. आपलं वाचनालय मोफत, मग सॉफ्टवेअर मोफत का नको? — पण आपण पुस्तकं तरी विकत आणतो ना! हे मी मनात म्हटलं. शेवटी सुधीरने कुठल्या मासिकाबरोबर आलेल्या सीडीतलं एक बसवून दिलं. फुकट, पण तीस दिवसांपुरतं. पुढचं पुढे बघू म्हणाला.

मला काय त्याचं! एकतीस मेला मी निवृत्त. ग्रंथपाल अनसूयाबाई सुटल्या.

४ मे

कमिटीचा ठराव: यापुढे वाचनालयाचा प्रत्येक कागद कंप्युटरमधूनच निघेल, त्यावर कंप्युटरचीच तारीख असेल. हाताने घातलेली तारीख अमान्य. मागचे चिटणीस सोयीप्रमाणे जुन्या तारखा टाकायचे, तो राग तात्यांच्या मनात अजून आहे. 'माणूस तारखेत खोटं बोलतो, यंत्र बोलत नाही,' म्हणाले. सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही!

१३ मे

हे फुकटचं सॉफ्टवेअर फार तोंडाळ. सकाळी मशीन सुरू केलं की आधी इंग्रजीत पाटी — तुमचे इतके दिवस उरले. रोज एक कमी. मला वाटतं मलाच म्हणतंय.

२४ मे

भाऊ येऊन गेला. माझा धाकटा भाऊ, दापोड्याला असतो. जमीन गोडाऊनला दिल्यापासून त्याच्या घरी सगळं आहे, एक पुस्तक सोडून. माझ्यासाठी खोली काढली आहे, पिस्त्याच्या रंगाची. वेगळा टीव्ही, वेगळा पंखा. 'आक्का, आता बसून खायाचा,' म्हणाला.

बसून खायचं. गुडघे दुखतात, जिना चढवत नाही. चांगलंच आहे की.

३१ मे

काय लिहू! हसू का रडू!

कालच तीस दिवस संपले. आज रविवार, वाचनालय बंद, फक्त माझा निरोप समारंभ. सकाळी मशीन उघडलं तर सॉफ्टवेअर मुकं. विकत घ्या, मगच बोलेन! तात्या म्हणाले, आज खर्चाचा विषय नको. सुधीरने खांदे उडवले, मशीनचं घड्याळ मागे नेलं आणि तारीख एक मे केली. लगेच पाटी आली — तुमचे तीस दिवस उरले. केवढ्या टाळ्या पडल्या! मला शाल मिळाली तेव्हाही तेवढ्या नव्हत्या.

मग निवृत्तीचं पत्र छापलं. तात्यांनी चष्मा लावला, पेन उघडलं, आणि पुन्हा बंद केलं. पत्रावर तारीख एक मे. तुमची निवृत्ती एकतीसला, एक तारखेला कशी देऊ, म्हणाले. मी म्हटलं, आज एकतीसच आहे. 'तुमच्या मते,' म्हणाले.

ठराव म्हणजे ठराव. शाल घडी करून परत पिशवीत गेली. बटाटेवडे मात्र खाल्ले सगळ्यांनी.

१ जून

कामावर गेले. आणखी काय करणार?

१२ जून

आमच्या नेहमीच्या वाचक आनंदीबाईंनी सत्तावीस मेला नेलेलं पुस्तक आज परत आणलं. मशीनमध्ये आज तेरा मे. नेण्याच्या आधीच परत कसं आणलं, असा मशीनचा सवाल, आणि ते नोंद घेईना. त्या बिचाऱ्या पदराने घाम पुसत म्हणाल्या, मग माझ्या हातात आहे ते काय? महादूने तोडगा काढला — पुस्तक घरी न्या, सत्तावीस तारीख येऊ द्या, मग आणा. नेलं. पुन्हा वाचते म्हणाल्या.

मुदत उलटून गेलेलं पुस्तक म्हणून मशीनमध्ये एकही नाही! इतकी वर्षं मी उशिरा आणणाऱ्यांवर डोळे वटारले. आता कुणाला उशीरच होत नाही.

१९ जून

सुधीरने आणखी एक सॉफ्टवेअर आणून दाखवलं. हे म्हणे खरंच फुकट, जन्मभर, वर हवं तर आतून उसवून बघा, दुसऱ्यालाही द्या. माझं मन एकदम वळलं. पुस्तकाचं असंच तर असतं! पण लावलं तर पडदा काळाकुट्ट, त्यावर चार पांढरी अक्षरं, आणि मराठीचा पत्ता नाही. त्याने परवलीचा शब्द मागितला तसे तात्या भडकले. फुकट ते फुकट, वर आपलीच चौकशी करतो! सुधीर सीडी खिशात घालून चहा प्यायला.

मग मी पुन्हा विकतच्याचा विषय काढला. पावती मिळते, अडलं तर फोन करता येतो, आणि जून महिना येतो. तात्या म्हणाले, बघू पुढच्या बैठकीत. पुढची बैठक मेनंतर.

३० जून

आज पुन्हा एक मे. सुधीरने सकाळी घड्याळ मागे नेलं आणि मशीनने आपणहून सूचना छापली — महाराष्ट्र दिनानिमित्त वाचनालय बंद. महादूने ती दारावर डकवली, वाचकांना उठवलं, कुलूप घातलं. कापडाच्या लूमवर रात्रपाळी करणारा एक जण रोज सकाळी उर्दू पेपर वाचायला येतो. तो पायरीवर उभा राहून सूचना दोनदा बघून मला म्हणाला, 'आपा, महाराष्ट्र फिर से बना क्या?'

मी हो म्हटलं.

७ जुलै

पगार झाला. मे महिन्याचाच.

२० जुलै

आज कुणाला ओरडले नाही. किती दिवसांत नाही. लोक पुस्तकं सावकाश वाचतात, परत आणतात तेव्हा त्यातलं काही सांगत बसतात. आनंदीबाईंचं तेच पुस्तक तिसऱ्यांदा चाललंय. आधी नायिका बरोबर वाटली, आता सासू बरोबर वाटते म्हणाल्या. मीही दुपारी खिडकीशी बसून वाचते. एवढी वर्षं वाचनालयात काढली, पण वाचायला वेळ कुठे होता?

दापोड्याची खोली डोळ्यांपुढे येते. पिस्त्याचा रंग, टीव्ही, पंखा.

मला जायचं नाही. लिहून टाकलं. हे बाहेर कुणाला सांगायची सोय नाही — स्वतःच निवृत्तीसाठी तात्यांच्या मागे लागले होते ना!

३० जुलै

महाराष्ट्र दिन. कुलूप.

१६ ऑगस्ट

भाऊ! अरे भाऊ!

फुकटच्या सॉफ्टवेअरमुळे बहीण अडकली हे त्याला कुणीतरी सांगितलं. हा ठाण्याला गेला आणि विकतचं घेऊन आला. स्वतःच्या पैशाने! टेम्पोतून खोका उतरवला, एवढा मोठा, आत एकच सीडी आणि एक जाड पुस्तक. वर पेढे. महादूने खोक्याला हळद-कुंकू वाहिलं. माझा पेढा मी महादूला दिला.

मी म्हटलं, कशाला एवढा खर्च? तो म्हणाला, 'आक्का, फुकटच्या पायी तू तिकरं राबतं, मना झोप लागं न्हाय.'

रागावू तरी कुणावर!

२० ऑगस्ट

बैठक. मेनंतरची नव्हे, खोक्यासाठी मुद्दाम बोलावलेली. मशीनमध्ये आज बावीस मे. खोका टेबलावर, भाऊ खास पाहुणा, इस्त्रीचा शर्ट घालून. सुधीरने सांगितलं, हे बसवलं की तारीख मागे न्यायची गरज उरणार नाही. खरा ऑगस्ट येईल. म्हणजे माझी निवृत्ती होऊन महिने उलटलेले असतील! तात्या गहिवरले. शालीची पिशवी महादूने आधीच आणून ठेवली होती. मग तात्या म्हणाले, फुकटचं की विकतचं, ज्यांनी वापरलं त्या बाईच सांगू देत.

उठले. मी म्हटलं, 'विकतचंच चांगलं. मी पहिल्या दिवसापासून तेच म्हणते. पण महिना अर्ध्यावर सोडून नोंदी बदलू नयेत. चालू मे पुरा होऊ द्या. एकतीस मेला नवीन बसवू.'

तात्यांचा चेहरा उजळला. कोर्टातही असंच करायचे म्हणाले. एकमताने मंजूर! खोका हार घालून काचेच्या कपाटात ठेवला. फक्त सुधीर माझ्याकडे बघत राहिला, मग त्याने दुसरा वडा उचलला.

भाऊला टेम्पोपर्यंत सोडायला गेले. मान वर करवेना. त्याने टेम्पो सुरू केला, बंद केला, आणि समोर रस्त्याकडे बघत म्हणाला, 'मे सरला का ये, आक्का. खोली काय पलत न्हाय.'

त्याला कळलंय. मी भर रस्त्यात रडले.

२८ ऑगस्ट

पाटी आली — तुमचा एक दिवस उरला.

१ मे १९९८

महाराष्ट्र दिन. सुट्टी. बाहेर पाच दिवसांचे गणपती विसर्जनाला निघालेत, महादू त्यांच्यापुढे नाचायला गेलाय. सुधीर गणपतीसाठी गावी, म्हणून तारीख मीच मागे नेली. मशीनने सूचना छापली, ती टोपलीत टाकली आणि दार उघडलं.