मरून गाडीचं चॉकलेटी दार

३ तारीख, सकाळी ८
आजपासून गॅरेजमध्ये रंग मी एकटा जुळवणार. काल गाडीमालकासमोर बायको म्हणाली, अहो, डब्यात अजून लाल घाला. चारचौघांत! बावीस वर्षं गाड्या रंगवतोय मी. सांगून टाकलं, उद्यापासून घरी बस.

५ तारीख
मरून गाडीचं दार रंगवलं. परफेक्ट. मालक म्हणतो, चॉकलेटी झालंय. डोळे आहेत की बटणं? कडाकडा भांडलो.

६ तारीख
पुन्हा रंगवलं. आता म्हणे शेवाळी! शनिवारपर्यंत जुळलं नाही तर त्याच्या साऱ्या टॅक्सी दुसरीकडे जाणार. निम्मं गॅरेज त्यांच्यावर चालतं. ट्यूबलाइट बदलली. दोष तिचाच होता.

८ तारीख, दुपार
पुतणी डोळे तपासते, तिच्याकडे गेलो. ठिपक्यांच्या कार्डात आकडा दिसेना. छपाई रद्दड. ती म्हणाली, काका, डोळ्यात उजेड पकडणारी प्रोटीन्स असतात. प्रत्येकात अ जीवनसत्त्वापासून बनलेला एक वाकडा कण. उजेड पडला की तो सरळ होतो, प्रोटीनचा आकार बदलतो, मेंदूला निरोप जातो. रंगांसाठी अशी तीन प्रोटीन्स. तुमचं लालवालं जन्मापासून बिघडलेलं. मी जीवनसत्त्व तेवढं लक्षात ठेवलं.
संकल्प: रोज एक किलो गाजरं.

१० तारीख
पोट बिघडलं. दार तसंच. पुतणीला फोनवर झापलं. म्हणते, गाजरानं कण मिळेल, प्रोटीनचा साचा कसा बदलेल? तो तुम्हाला माझ्या आजीकडून, म्हणजे तुमच्या आईकडून आलाय. स्वतःच्या आजीला नावं ठेवते कार्टी! आईच्या बाजूनं साक्ष द्यायला मामांना फोन लावला. मामा म्हणाले, अरे, मलाही कळत नाही. टोमॅटो पिकलाय का ते मी जन्मभर तुझ्या मामीलाच विचारतो. हसत होते वर!

११ तारीख, दुपार
डब्यांमागे बायकोची वही सापडली. बावीस वर्षांची कामं. प्रत्येकापुढे: 'हे चहाला गेल्यावर लाल वाढवला.' 'हे चहाला गेल्यावर हिरवा कमी केला.' बावीस वर्षं फसवणूक! वही भिरकावली. उचलली. शेवटची ओळ: 'मरून. हे आज चहाला गेलेच नाहीत. तोंडानं सांगावं लागलं. फार रागावले.'

१२ तारीख, शनिवार
बायकोला म्हटलं, चल गॅरेजला, ट्यूबलाइट बिघडलीये. काही न विचारता आली. सकाळपासून तीनदा चहाला गेलो.
मालक म्हणाला, आता कसं जुळलं!
मला दार पहिल्यासारखंच दिसलं.