रिकामी जागा

३ जून, सोमवार
लागलो एकदाचा नोकरीला! कॉलेज अर्धवट सोडलं तेव्हा बाबा म्हणाले होते, आता भीक माग. या म्हणावं, बघा: फिरती खुर्ची, खिडकी, आणि समोरच्या टेबलावर ती. तिच्यासाठीच तर इथे अर्ज केला. बाकी ऑफिस म्हणजे बावळटांचा बाजार. कामही पोरखेळ. जाव्हा या कम्प्युटरच्या भाषेत कंपनीचं वेब-पान बांधायचं: प्रत्येक माणसाचा एक चौकोन, टीम लीडरच्या चौकोनाच्या आत त्याच्या टीमचे चौकोन. अट घालून हवा तो दाखवायचा, नको तो लपवायचा.

४ जून
माझे सीनियर, ज्यांना सगळे आजोबा म्हणतात, तासभर पकवत होते. लपवलेला चौकोन नुसता झाकला जात नाही बाळा, तो पानावर उरतच नाही. म्हणून आधी त्याच्या नावाची रिकामी जागा राखून ठेव, नाहीतर परत आणायला ठिकाण राहणार नाही. एका ओळीसाठी केवढं हे पुराण!

६ जून
तिचा टीम लीडर, तो टायवाला शहामृग, तिच्या खुर्चीवर रेलून हसत होता. तीही हसली. डोकं फिरलं माझं. टाकली अट, लपवला त्याचा चौकोन. रिकामी जागा? त्याच्यासाठी? हुं.

७ जून
शहामृग आला नाही. विचारलं तर सगळे म्हणाले, कोण? त्याच्या टेबलाच्या जागी भिंत आहे. जुनी, पोपडे आलेली. खरं सांगतो, बरंच वाटलं.
पण तीही आली नाही.

७ जून, दुपार
गाढव आहे मी. तिचा चौकोन त्याच्याच आत होता. बाहेरचा गेला की आतले सगळे जातात. अट काढली, पान पुन्हा पुन्हा उघडलं. नाही. आजोबांचे पाय धरले. त्यांनी विचारलं, जागा ठेवली होतीस का? मग म्हणाले, पण तू बोलतोयस कोणाबद्दल?

१० जून
भिंतीला कान लावला. आत की-बोर्ड वाजतोय. तिचीच लय. आणि तो हसतोय. तिच्या शेजारी, तो!

११ जून
तिचा चेहरा आठवत नाही. फक्त हसताना ती —
ठरलं. तीच अट पुन्हा घालून माझा चौकोन शहामृगाच्या लपवलेल्या चौकोनात टाकायचा. इथे माझी रिकामी जागा ठेवायची, तीच परतीची वाट. तिला आणायचं. शहामृग सडू दे तिथेच.

११ जून, नंतर
टाकला. आजोबा नको नको म्हणत होते, म्हातारा खोकड. आता मलाच विचारतात, आपण कोण —
बाबांना फोन लावला. त्यांनाही मुलगा नाही म्हणे. गेले उडत.
खुर्चीमागे तीच पोपडे आलेली भिंत. तो हसतोय. थांब तू, आलोच, तुझी ती मान —
रिकामी जागा. ती ओळ. लिहायची राहि