पहिली फुंक

३ मार्च, सोमवार
पहाटे पाच ते सात. बसडेपोच्या फाटकाशी अडतीस ड्रायव्हर माझ्या हातातल्या यंत्रात फुंकून गेले. श्वासातली दारू त्याला बरोबर कळते. नियम असा की पहिली फुंक तपासनिसाची, म्हणजे माझी. ती शून्य आली की मगच रांग सरकते. मला ते ‘फुंकणीमास्तर’ म्हणतात. तोंडावर!

अडतिसावा दादा. सख्खा थोरला भाऊ. यंत्र लाल.
“लिहिणार?” एवढंच विचारलं त्याने.
लिहिलं. पंधरा दिवस घरी. कर्तव्य म्हणजे कर्तव्य!

४ मार्च
वहिनींचा फोन. “भावोजी, हात बरा धजला तुमचा.” पुढे नुसता श्वास ऐकू येत राहिला. तो मोजायचं यंत्र अजून निघायचंय.

७ मार्च
व्यसनमुक्ती सप्ताहासाठी साहेबांना भाषण हवंय. ‘आधुनिक समाज आणि व्यसन’. लिहिणार मी, वाचणार ते. साहेब दर शनिवारी क्लबात जातात – पण पीत नाहीत, ‘कंपनी देतात’. ड्रायव्हर प्यायला की बेवडा. साहेब प्यायले की संबंध जपले. शेजारच्या बाईंना गोळीशिवाय झोप नाही, पण त्यांच्याकडे डॉक्टरांची चिठ्ठी आहे. चिठ्ठी असली की व्यसनाचा उपचार होतो!

मी संध्याकाळी दोन बोटं घेतो. पाठीसाठी.

भाषण उत्तम जमलं. टाळ्यांच्या जागी फुल्या मारून ठेवल्यात. लिहिताना तिसरं बोट लागलं.

१० मार्च
पाठ फार दुखली. बोटं मोजली नाहीत.

११ मार्च
पहिल्याच फुंकेला यंत्राने आकडा दाखवला. माझ्या!
“बिघडलंय,” मी म्हणालो. सदतीस माना डोलल्या. केवढा हा विश्वास! यंत्र दुरुस्तीला गेलं. आज कुणीच फुंकलं नाही. सगळ्या बस वेळेवर सुटल्या.

१३ मार्च
दुरुस्तीवाला म्हणाला, “काका, ठणठणीत आहे हे. तुम्हीच काही घेतलं होतंत का?” आणि हसला. मीही हसलो. खोकल्याचं औषध, म्हटलं. त्याला पटलं. मला पटायला जरा वेळ लागला.

१४ मार्च
झाडलोट करणाऱ्या मावशींना बोलावलं.
“मला काय कळतंय त्यातलं?”
“फक्त फुंकायचं, मावशी.”
शून्य. निर्मळ बाई! नोंद माझ्या नावाने केली. आता रोज हेच. सोयीचं आहे.

१८ मार्च
दादा कामावर परतला. रांगेत पहिला. गुळगुळीत दाढी, हात थरथरणारे. मावशी नळीकडे वळल्या.
“मावशी, थांबा जरा.” मग मला, “तू फुंक.”
मागे सदतीस जण. मी नळी हातात धरून नुसता उभा. दादाने माझ्या तोंडाकडे पाहिलं. वास यंत्रालाच येतो असं थोडंच आहे! त्याने नळी काढून घेतली आणि स्वतःच फुंकलं. शून्य.
“हे तुझ्या नावावर लिही,” पुटपुटला. “उद्याचं तुझं तू बघ.”
पंधरा दिवसांत तो कसा सुटला असेल, हे विचारायचं राहिलं.

१९ मार्च
पहिली फुंक मावशींची, त्यांच्याच नावाने. मग अडतीस. शेवटचा मी.
लाल. लिहिलं.
दादा माझ्याशेजारी बसून राहिला. त्याची बस आज सात मिनिटं उशिरा सुटली.