स्कॉटलंडचा 'दा' आणि आपला 'बा'

बा, इतक्या उशिरा लिहितोय, रागावू नकोस. तू गेल्याला चाळीस वर्षं होत आली. मी सातवीपर्यंत शिकलेला, कागद समोर घेतला की अजून घाम फुटतो. पण चार दिवस झाले, मुलगा माझ्याशी बोलत नाही, आणि चूक माझी नाही हे कुणाला तरी सांगायचंय.

तो इथे चंदीगडला कॉलेजात शिकवतो. दोन वर्षं स्कॉटलंडला राहून आला. गेल्या आठवड्यात जेवताना रंगात येऊन सांगत होता, तिथली साधी माणसं घरात बापाला 'दा' म्हणतात, कुणी 'फेदर', कुणी 'पॉ'. "किती प्यारे शब्द आहेत ना, पापा." दुसऱ्याच दिवशी त्याच्या पाच वर्षांच्या मुलीनं शाळेच्या गेटवर त्याला 'बा' म्हणून हाक मारली. बाकीची मुलं मेंढीसारखी ओरडायला लागली. रात्री जेवताना मला म्हणतो, "यार पापा, हे तुम्हीच शिकवलं ना? घरात म्हणू दे. बाहेर पापाच." मी म्हणालो, "त्यांचा दा प्यारा, आणि माझ्या बाची लाज?" तो ताटावरून उठला. पोरीनं हळूच विचारलं, "आजोबा, बाहर क्या बोलूँ?" मी सांगितलं, बाच म्हण, जोरात म्हण. अजूनही तेच सांगेन.

तू एकदाच चंदीगडला आलास. मी कामाला होतो त्या डेराबस्सीच्या कारखान्याच्या गेटवर उभा आहेस, डोक्याला मुंडासं, काखेत ठेच्याचा डबा. शेजारी फोरमन. मी म्हणतो, "आइए पिताजी, बैठिए." आणि तू मागे वळून पाहतोस, आणखी कोण आलंय ते. संध्याकाळी माझ्या मनीमाजऱ्याच्या भाड्याच्या खोलीत भाकरी मोडता मोडता विचारलंस, "ते पिताजी बसले का रं नीट?"  त्यानंतर चारचौघांत तुला कुठलीच हाक मारली नाही. गाडी सुटली तेव्हासुद्धा नुसता हात केला. पुढे पोरगा झाला, त्याला मीच 'पापा' शिकवलं, गल्लीत कुणी हसू नये म्हणून.

म्हणून आता हटणार नाही म्हणतो. पण काल मीही शाळेच्या गेटवर गेलो होतो. पोरीला बाप दिसला. तिनं हाक मारली नाही. नुसता हात केला.

हे पत्र टाकायला तुझा पत्ता नाही, माहीत आहे मला. खरं सांगतो, मी तिच्यासाठी नव्हतं शिकवलं. मला तो शब्द या घरात ऐकायचा होता. आता तिला काय सांगू, बा? लवकर कळव.