काकवीचा वास

शुक्रवार, एकादशी

अमेरिकेहून आलेल्या धाकट्या भावानं, संजूनं, दुपारी ओट्यावर बर्बन व्हिस्कीच्या दोन बाटल्या उघडल्या. एक महाग, एक स्वस्त. ह्यांना घोट घोट चाखायला दिला.

"दाजी, स्वस्तातलीच सरस हाय का न्हाई?"

"मक्याची ना? मका आमच्याकडं म्हशी खात्यात."

मग स्वस्तातलीचा पेला माझ्यापुढं धरला. "ताई, नुसता वास घे. कसला येतो?"

काकवीचा. आमचे वडील, आण्णा, राहू गावच्या गुऱ्हाळावरून घरी यायचे तेव्हा त्यांच्या सदऱ्याला यायचा, तोच. मी पदर नाकाला लावला. "दारूचा. उचल ते, एकादशी हाय."

बाटल्या बांधून तो निघून गेला.

काकवीचाच होता. आण्णा वारले तेव्हा संजू एवढासा. त्याला पुसटसं आठवत असणार, म्हणून तर विचारलं. सांगितलं असतं तर उपास मोडला असता का? सांगायला आता मी एकटीच उरलेय.