पानावर आडवा हात

चिंचवड, रविवार, मे १९५७

आज दिगूला शेजारच्या सखारामभाऊंच्या मुलीच्या लग्नाला न्यायला नको होतं. नाही, न्यायला हवंच होतं, पण भाऊंना आधी सांगून ठेवायला हवं होतं. कारखान्याच्या बांधकामावर परांचीवरून पडून डोक्याला मार लागला, तेव्हापासून माझ्या या धाकट्या भावाला आग्रह सोसत नाही. घरात तो पुरे म्हणाला की आम्ही लगेच थांबतो. एवढं पाळलं की तो शांत असतो. पण हे बाहेर सांगायची मला लाज वाटली.

पंगतीत त्याने पानावर आडवा हात धरला. सखारामभाऊ हसत म्हणाले, "दिगूराव, लग्नघरी न्हाई म्हनत्यात व्हय?" आणि त्याचा हात बाजूला सारून दोन जिलब्या वाढल्या. मी नुसता पाहत होतो. दिगू पुन्हा पुरे म्हणाला, या वेळी ओरडून. भाऊंनी तिसरी जिलबी वाढली, तसा त्याने पाण्याचा तांब्या भिरकावला. तो भाऊंच्या कपाळाला लागला.

आणि मी काय केलं? सगळ्या पंगतीसमोर हात जोडून म्हणालो, "माफ करा, हा वेडा आहे." दिगू माझ्याकडे बघत होता. त्याचा हात परत पानावर आडवा होता.

आत्ता घरी जेवताना मी त्याला भात वाढायला गेलो. त्याने ताटावर हात धरला आणि मग स्वतःच काढून घेतला.

"वाढ, दादा," तो म्हणाला. "मी आता पुरे म्हणणार नाही."